अकरा फेऱ्या राहिल्या होत्या

स्पीडवे, इंडियाना
१२ फेब्रुवारी २००३

रॉइस,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच शेगडीत टाकशील, म्हणून पत्ता व्हेल्माकडून लिहून घेतला. तुझ्या बहिणीचं अक्षर बघून तरी उघडशील. उघडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

आपली गाडी सापडली. सत्तेचाळीस नंबर. ओहायोत एका शेतकऱ्याच्या कोठारात मक्याच्या पोत्यांमागे पडली होती. फोर्ट वेनच्या फिंक नावाच्या दातांच्या डॉक्टरने ती उचलून आणली आणि तीन वर्षं खपून पुन्हा उभी केली. त्याचा पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, कवळीबद्दल काहीतरी असेल. "मिस्टर डीट्झ, तुमची गाडी माझ्याकडे आहे," म्हणाला. मी म्हटलं, माझी गाडी अंगणात उभी आहे. मग तो हसला आणि म्हणाला, "ही चालवायला दार उघडावं लागत नाही."

मी बघून आलो. खरं सांगू? दोन मिनिटं मला जवळ जाता आलं नाही. तेच लांब नाक, पुढे इंजिन, चारही चाकं उघडी, आणि मधे तुझ्या मापाची ती खाच. किती लहान जागा रे ती! तू त्यात साडेतीन-चार तास बसायचास, अंगात बाह्या दुमडलेला सुती सदरा, तोंडावर रुमाल. आजची पोरं अंतराळात निघाल्यासारखी पोशाख करून बसतात. बरंच आहे म्हणा ते.

डॉक्टरने बाजूचा पट्टा लाल रंगवलाय. आपला विटकरी होता. मी सांगितलं, तो बदलणार आहे.

मुद्दा असा. मे महिन्यात मोठ्या शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी जुन्या गाड्या ट्रॅकवर नेणार आहेत, दोन-दोन फेऱ्या, हळू. डॉक्टरची इच्छा आहे की सत्तेचाळीसमध्ये तू बसावंस. त्याने तुला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही म्हणतो. मी म्हटलं, मला एक्केचाळीस वर्षांत एकही आलेलं नाही, तुमचं काय घेऊन बसलात.

त्या नटाबद्दल मी काही लिहीत नाही. तेलाच्या नळीचा नट माझ्याकडून सैल राहिला, हे मी शर्यत बुडाली त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, पेपरांनी छापलं. त्यात बदल नाही.

येशील का?

मर्ल

ता. क. व्हेल्मा म्हणते, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तू ख्रिसमसच्या कार्डावर एका ओळीत कळवलंस, कोणता गुडघा ते लिहिलं नाहीस. बहिणीने प्रार्थना नेमकी कुठल्या गुडघ्यासाठी करायची?


३ मार्च

रॉइस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. मग लिहायला माझी हरकत नाही. नाहीतरी बर्फ पडतोय, आणि बाहेर पडलं की व्हेल्मा ओरडते.

परवा डॉक्टरने इंजिन सुरू केलं. मी शेजारी उभा होतो. तो आवाज, रॉइस! चारच सिलिंडर, पण छातीच्या फासळ्या हलतात. आणि इंधनाचा तो वास, नाकात झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. डॉक्टर म्हणाला, "मिस्टर डीट्झ, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, मिथेनॉल आहे. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

मग मला एकेक आठवत गेलं. ओढगाडीला सत्तेचाळीस बांधून आपण तिघं ड्युकोइनला निघालो होतो, भर ऑगस्टात. व्हेल्माने पुढच्या सीटवर तळलेल्या कोंबडीचा डबा मांडीवर धरला होता आणि तू मागून हात घालून तंगडी पळवायचास. तिथला तो मातीचा ट्रॅक! पन्नासाव्या फेरीनंतर माती अशी घट्ट आणि काळी व्हायची की तिच्यात तोंड दिसावं. तू गाडी आडवी घालून वळण घ्यायचास, पुढची चाकं उजवीकडे, तोंड डावीकडे, आणि मागून चिखलाचा फवारा. शर्यत संपल्यावर तुझ्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडून सगळी माती. व्हेल्मा म्हणायची, "घुबड आलं माझं."

आणि शेंगदाणे. गॅरेजात कुणी शेंगदाणे आणले तर अपघात होतो, असं त्या काळी सगळे मानायचे. गाडीला हिरवा रंगही देत नसत, तोही अपशकुनी मानायचे. आणि तू मुद्दाम खिसा भरून आणायचास, इतरांच्या दारासमोर टरफलं टाकायचास. हॉबी क्रेन झाडू घेऊन तुझ्यामागे धावला होता, आठवतं? हॉबी अजून आहे. आम्ही जुने मेकॅनिक दर गुरुवारी सकाळी नाश्त्याला जमतो, सहाजण उरलोय. मी आलो की तो थर्मास पुढे करतो आणि म्हणतो, "मर्ल, झाकण नीट आवळ हं. तुझा भरवसा नाही." चाळीस वर्षं तोच विनोद. बाकीचे चाळीस वर्षं हसतात.

मी रागावत नाही. सवय झाली. त्या शर्यतीनंतर मालकाने मला काढून टाकलं आणि दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. मग शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात सव्वीस वर्षं काढली. पोरं रोज सुखरूप शाळेत जायची आणि सुखरूप घरी यायची. त्याचा पेपरात फोटो येत नाही, पण झोप चांगली लागते.

त्या काळात झोप लागत नसे, हेही खरं. आता आपण ती वर्षं सोन्याची म्हणतो. होतीच. पण मे महिन्यात शर्यतीतून कोण जिवंत परतेल ठाऊक नसायचं, जेवायच्या टेबलाभोवती किती खुर्च्या मांडायच्या याचा अंदाज बांधायला व्हेल्मा घाबरायची, तेही मला आठवतं. तुलाही आठवत असेल.

मर्ल


२३ मार्च

रॉइस,

आज जरा अडचणीत सापडलोय, म्हणून लिहितो.

डॉक्टर फिंक काल घरी आला. व्हेल्माने त्याला आपला तो साखर-सायीचा गोड शुगर क्रीम पाय खाऊ घातला. दातांचा डॉक्टर, पण दोन तुकडे खाल्ले. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "हा पुढचा दात कधी गेला?"

"तीस मे एकोणीसशे बासष्ट," व्हेल्मा म्हणाली. "दुपारी सव्वादोनच्या सुमारास. माझ्या भावाच्या उजव्या हाताने."

डॉक्टर ओशाळला. मग त्याने खिशातून एक पुडी काढली आणि टेबलावर सोडली. आपल्या तेलाच्या नळीचा नट. तो नट, रॉइस. त्याने सगळे जुने सुटे भाग जपून ठेवलेत.

"मिस्टर डीट्झ," तो म्हणाला, "मी रोज भिंगातून दात बघतो, म्हणून मला सवय आहे. या नटाचे आटे नव्यासारखे आहेत. थरथरीने हळूहळू सैल झालेल्या नटाचे आटे घासलेले असतात. याचे नाहीत. पण बाहेरच्या कडा बघा. चुकीच्या मापाचा पाना घाईघाईने लावला की पाना घसरतो, तसा ओरखडा आहे. हा नट आपोआप सैल झालेला नाही. कुणीतरी सोडवलाय."

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत कुणीही सोडवला असेल. कोठारातल्या शेतकऱ्याने.

"असेल," तो म्हणाला. पण तो नट माझ्याकडेच ठेवून गेला. भला माणूस आहे. दातांच्या डॉक्टरला माणूस खोटं बोलताना तोंड कसं करतो ते ठाऊक असावं. आणि गाडीबरोबर द्यायच्या माहितीपत्रकात तो सगळं लिहिणार आहे, 'अभ्यासाअंती असं दिसतं' वगैरे.

त्याचं छापलेलं तुझ्या हाती पडायच्या आत माझं पडायला हवं. पण आज नाही.

मर्ल


६ एप्रिल

प्रिय रॉइस,

बसलोय. व्हेल्मा चर्चला गेलीय. आता लिहितोच.

नट सैल नव्हता. मी तो आदल्या दिवशी दोनदा तपासला होता. मी तो शर्यत चालू असताना, गाडी पिटमध्ये थांबल्यावर सोडवला, तुझ्या नकळत, तू आत बसलेला असताना. हाताला येईल तो पाना घेतला, माप चुकीचं होतं, घसरला, दुसऱ्या झटक्यात सुटला. मग मी ओरडलो, "तेल!" तोवर तेल खाली सिमेंटवर पसरलं होतं. अधिकारी धावत आला, त्याने बघितलं आणि नकारार्थी मान हलवली; तेल गळणारी गाडी ट्रॅकवर परत सोडत नाहीत. शर्यत संपली. तू पहिला होतास आणि अकरा फेऱ्या राहिल्या होत्या.

का, ते आता सांगतो. पण एप्रिलपासून सुरुवात करावी लागेल.

त्या एप्रिलमध्ये विंचेस्टरला तुझी छोटी गाडी उलटली होती. डॉक्टरांनी तुला ठीक आहे म्हणून सोडलं. आठवड्याने तू माझ्या गॅरेजात आलास, बाकावरचा पाना उचलायला हात पुढे केलास आणि तुझी मूठ पान्याच्या शेजारी बंद झाली. हवेत. तू हसलास, म्हणालास, "काल जरा जास्त झाली." तू तेव्हा पीत नव्हतास, रॉइस. थोड्या वेळाने तू कॉफीचा कप ठेवलास तो टेबलाच्या कडेबाहेर. मी फरशी पुसली.

मला कळलं होतं. तुला एकाच्या जागी दोन दिसत होते. शर्यतीच्या डॉक्टरला मी एक शब्द सांगितला असता तर तुझा परवाना गेला असता, कदाचित कायमचा. ते तुझ्यासाठी केलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की अशी गाडी मी आयुष्यात एकदाच बांधली होती. मागे इंजिन असलेल्या बारक्या गाड्या येणार अशी कुजबुज सुरू झाली होती. आपल्यासारख्या गाड्यांचे दिवस भरत आले होते, आणि मला ती शर्यत हवी होती. तुझ्याइतकीच. म्हणून मी गप्प राहिलो आणि तुला त्या गाडीत बसवलं. पट्टा मीच आवळला.

एकशे ऐंशी फेऱ्यांपर्यंत तू असा चालवत होतास की मला वाटलं, बरा झालाय. मग चौथ्या वळणातून तू बाहेर आलास तो भिंतीपासून वीतभर अंतरावर. पुढच्या फेरीला दोन हात. त्याच्या पुढच्या फेरीला इतका जवळ की प्रेक्षक उभे राहिले. आणि माझ्यासमोरून जाताना तुझी मान उजव्या खांद्यावर कललेली होती. तू एक डोळा मिटून चालवत होतास. ताशी दीडशे मैलांनी.

मी पाटी धरली, आत ये. तू आला नाहीस. पुन्हा धरली. आला नाहीस. तिसऱ्या वेळी मी पिटच्या भिंतीवर चढून पाटी हलवली. तू आलास. आता तुला काय सांगणार? दिसत नाही म्हणून उतर? लोक ऐकत होते, पत्रकार ऐकत होते. तुझा परवाना तिथेच गेला असता. आणि नुसतं उतर म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस, गाडी पुढे काढली असतीस. मग मला तेल दिसलं. म्हणजे, दिसायला हवं होतं, म्हणून मी ते पाडलं.

तू उतरलास आणि मला मारलंस. तो मार मी घेतला. मला तो एकशे एकोणनव्वद फेऱ्या आधीच बसायला हवा होता.

शरद ऋतूत तुझे डोळे बरे झाले असं व्हेल्माकडून कळलं. तू आणखी दोन वर्षं चालवलंस, पण ती शर्यत पुन्हा हाती लागली नाही. मग तू तिकडे ऑरेगनला निघून गेलास. तुला सांगता आलं असतं. पण सांगायचं तर एप्रिलपासून सांगावं लागलं असतं, आणि ते तोंडातून निघेना. सैल नटाचा मेकॅनिक असणं त्यापेक्षा सोपं होतं.

एवढंच. येऊ नकोस म्हणालास तरी समजेन.

मर्ल


९ एप्रिल

प्रिय रॉइस,

रविवारचं पत्र अजून इथेच आहे, हे त्याच्याबरोबरच पाठवतो. कारण ऐक.

मी पत्र पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं, तिकीट आणायला गेलो. परत येतो तर व्हेल्मा टेबलाशी बसलेली, पत्र हातात, चष्मा नाकावर.

"वाचलंस?" मी म्हटलं.

"पाकीट मीच चिकटवते ना दर वेळी? मग चिकटवण्याआधी वाचायचं नाही तर केव्हा वाचायचं?"

मी बसलो. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. तुला माहीतच आहे, ती समोरच्या स्टँडमध्ये दोन स्टॉपवॉच घेऊन बसायची आणि तुझी प्रत्येक फेरी लिहायची. तो त्या दिवसाचा कागद. मला वाटलं होतं, कधीच टाकून दिला असेल.

"हे बघ," तिने बोट ठेवलं. "बासष्ट पूर्णांक आठ सेकंद, बासष्ट सात, बासष्ट आठ. एकशे ऐंशीपर्यंत माझा भाऊ घड्याळासारखा. मग बघ. चौसष्ट. एकसष्ट पाच. सहासष्ट. बासष्ट. पुन्हा पासष्ट. तेल गळणारी गाडी हळूहळू मंद होत जाते, मर्ल. मधेच जलद होऊन पुन्हा मंद होत नाही. ते गाडीचं नव्हतं. माणसाचं होतं."

"तुला तेव्हाच कळलं?"

"तू पाटी धरायच्या आधी."

"मग एक्केचाळीस वर्षं गप्प का बसलीस?"

तिने चष्मा काढला. "तू खोटं बोलत होतास ते त्याच्यासाठी. तो चिडला होता ते तुझ्यावर. मी खरं बोलले असते तर तुमच्यापैकी एकजण उघडा पडला असता. आणि मला तो जिवंत हवा होता. जिवंत आणि रागावलेला, तरी चालत होता." मग चष्मा पुसत म्हणाली, "एप्रिलचं मात्र मला माहीत नव्हतं. तो पान्याचा प्रकार."

मी म्हटलं, माहीत नव्हतं ना. आता कळलं.

ती उठून भांडी घासायला लागली. धुतलेली भांडी पुन्हा घासली. रात्रीच्या जेवणाला माझं ताट मांडलं, पण शेजारी बसली नाही. दोन दिवस असेच गेले. आज सकाळी तिने पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "टाकून ये. आणि त्याला लिही, बहिणीने नवऱ्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण अंडी मात्र गरम वाढली."

तर, लिहिलं.

मर्ल


हूड रिव्हर, ऑरेगन
२१ एप्रिल २००३

मर्ल,

चार पाकिटं मिळाली. पहिली तीन वाचून मी ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. चौथं वाचल्यावर नासपतीच्या बागेत गेलो. झाडं फुललीत, कामाला माणसं होती, त्यांच्यासमोर उभं राहवेना, म्हणून पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. बायको शोधत आली. तिला सगळं सांगितलं. तिला आधी यातलं काहीच माहीत नव्हतं. मला तीस वर्षं झाली तिच्याशी लग्न करून.

आता माझं ऐक. तुला वाटतं, तुझ्याकडेच एक गोष्ट लपलेली होती.

मला दोन भिंती दिसत होत्या. एप्रिलपासून. मी एक युक्ती काढली होती. दोन दिसल्या की डावीकडची खरी मानायची. पूर्ण मे महिना त्यावर निभावला, सरावाच्या फेऱ्या, पात्रतेच्या फेऱ्या, सगळं. एकशे ऐंशीनंतर त्या दोघी जागा बदलायला लागल्या. कधी डावी खरी, कधी उजवी. मग मी एक डोळा मिटला. तू म्हणतोस तू दोनदा पाटी धरलीस आणि मी आलो नाही. मला दोन पाट्या दिसल्या, गाढवा. कुठली वाचू?

आणि तरी मी आत आलो नसतो. तुला ते बरोबर ओळखता आलं. तुझ्या त्या तिसऱ्या पाटीला मी आत आलो ते वाचून नाही, मी थकलो होतो म्हणून. थांबून पुन्हा निघायचं ठरवलं होतं. मग तू ओरडलास "तेल", आणि मी खाली बघितलं, आणि मर्ल, मला वाटलं, सुटलो. देवाचे आभार मानले मी. सिमेंटवरच्या त्या डबक्याचे आभार मानले. सोडवलं मला.

आणि लगेच मला स्वतःची अशी शरम वाटली की मी तुला मारलं. तू समोर होतास आणि मला कुणाला तरी मारायचंच होतं. मग सगळे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, मर्लने नट सैल ठेवला. दर वेळी म्हटलं. म्हणता म्हणता ते मला स्वतःलाही खरं वाटायला लागलं. शर्यत हातातून गेली म्हणून लोक माझ्यासाठी हळहळायचे. मी ती हळहळ खुशाल घेतली आणि तू तिकडे बसगाड्या दुरुस्त करत होतास.

तुला वाटतं, एप्रिलमध्ये तू बोलला असतास तर बरं झालं असतं. बोलला असतास तर मी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलो असतो. त्या दुसऱ्याने मला आत बोलावलं नसतं.

पंधरा मेच्या गुरुवारी दुपारी पावणेचारला विमान उतरतं. विमानतळावर येऊन हॉस्पिटलात आल्यासारखं तोंड करून उभा राहू नकोस. मी त्या गाडीत बसणार नाही, हे डॉक्टरला आत्ताच सांग. मी व्हेल्माला भेटायला येतोय. तुलाही, पण तिला आधी.

रॉइस

उजवा गुडघा.


५ जून

प्रिय रॉइस,

तुझं विमान उडेपर्यंत आम्ही काचेशी उभे होतो. चार दिवसांसाठी म्हणून आलास आणि एकोणीस राहिलास. घर फार मोठं वाटतंय. व्हेल्मा अजून तीन कप काढते आणि एक परत ठेवते.

डॉक्टर फिंकचं म्हणणं आहे की तू त्याला दोनदा लुबाडलंस. एक, गाडीत बसणार नाही म्हणालास आणि शुक्रवारी त्याच्या हातातून हेल्मेट ओढून घेतलंस. दोन, दोन फेऱ्या ठरल्या होत्या आणि तू चार मारल्यास. झेंडेवाला झेंडा हलवून दमला. तिसऱ्या फेरीला पुढ्यातून जाताना तू हात वर केलास, तेव्हा व्हेल्मा माझ्या शेजारी पिटच्या भिंतीला टेकून उभी होती. त्या काळी बायकांना तिथे पाऊलही टाकू देत नसत. ती म्हणाली, "इथून किती जवळून दिसतं रे सगळं." तू उतरलास तेव्हा तिने तुझ्या पाठीत जे दोन गुद्दे घातले, ते का घातले हे तू मला विचारलंस. मी विचारलं तिला. म्हणाली, "एक चाळीस वर्षांचा होता. दुसरा तिसऱ्या फेरीचा."

आता एक कबूल करायचंय. आता सगळं सांगून टाकायची सवय लागलीय, तूच जबाबदार.

गुरुवारच्या नाश्त्याला जाताना मी तुला बजावलं होतं की तिथे काही बोलू नकोस. चाळीस वर्षं हसलेत, हसू देत, म्हातारपणी त्यांच्याकडे तेवढाच विनोद उरलाय. तू हो म्हणालास. मग मी हात धुवायला गेलो आणि तू उठलास. तुला वाटलं, मी ऐकलं नाही. मी दाराच्या आत उभा होतो, ओल्या हातांनी. सगळं ऐकलं. दोन भिंती, दोन पाट्या, मिटलेला डोळा. "तो नट घट्ट होता," तू म्हणालास. "या माणसाने आयुष्यात एकही नट सैल सोडला नाही. एक सोडला तो मुद्दाम, आणि त्यामुळे मी इथे तुमच्यासमोर अंडी खातोय."

मी बाहेर आलो तेव्हा सगळे ताटात बघत होते आणि तू टोस्टला लोणी लावत होतास, जसं काही झालंच नाही. मीही तसाच बसलो. हॉबीने मला मीठ दिलं. मी मागितलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तू गेल्यावर आज सकाळी पुन्हा नाश्त्याला गेलो. हॉबी आधीच येऊन बसला होता. त्याने थर्मास माझ्यापुढे ठेवला. मी वाट बघत होतो. तो खाकरला, नाक पुसलं आणि म्हणाला, "मर्ल, याचं झाकण कालपासून उघडत नाहीये. तू आवळलं होतंस का रे?"

सगळे असे हसले की वाढपीण बघायला आली. मीही हसलो. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी जवळपास मिथेनॉल नव्हतं.

मर्ल


१४ सप्टेंबर

प्रिय रॉइस,

पेटी पोचली. पोस्टमनने दारात ठेवली आणि म्हणाला, "यात काय दगड आहेत?" व्हेल्माने लगेच उघडली. एकेक नासपती कागदात गुंडाळलेली, बाळासारखी. तिने सहा शेजारी दिल्या, चार पाकात शिजवल्या, बाकीच्या खिडकीत पिकायला ओळीने मांडल्या आहेत. डॉक्टर फिंकला दोन दिल्या. त्याने माहितीपत्रकाचा मजकूर पाठवलाय. मी विचारलं, नटाचं काय लिहिलंत? म्हणाला, "लिहिलंय की गाडी एकशे एकोणनव्वद फेऱ्यांनंतर मेकॅनिकच्या सल्ल्यावरून थांबवली." बरोबर लिहिलंय ना? काही बदलायचं असेल तर कळव.

रविवारच्या फोनवर तू पाऊण तास बागेबद्दल बोललास. कुठल्या झाडावर कीड आहे, कुठलं यंदा जास्त धरलं. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण ठेवू नकोस असं वाटत होतं.

आणखी एक. मला नासपती आवडत नाहीत. लहानपणापासून नाही. त्यांचा तो रवाळपणा जिभेला नको होतो. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो, कारण तुझ्यामाझ्यात यापुढे काही झाकून ठेवायचं नाही असं ठरलंय.

रोज सकाळी एक खातोय. खिडकीत अजून अकरा-बारा उरल्यात. पुढच्या वर्षीही पाठव.

तुझा,
मर्ल